सोनं, मीठ आणि जकात: सहाराच्या काठावरच्या साम्राज्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालीचा राजा मनसा मुसा याचं नाव कुठेतरी कानावर पडलं की त्याच्या मागोमाग तेच ते प्रश्न येतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेला तपशील दुसऱ्यात पुन्हा दिलेला नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘वाळवंटी व्यापारी साम्राज्यं’ म्हणतात ती नेमकी कोणती?

पश्चिम आफ्रिकेत एकामागून एक उभी राहिलेली तीन राज्यं: घाना, माली आणि सोनघाई. घाना हे सोनिंके लोकांचं. ते स्वतः त्याला वागादू म्हणत. नवव्या ते अकराव्या शतकात त्याची भरभराट होती. १२३५ च्या सुमारास सुंजाताने किरिनाच्या लढाईत सोसोंचा राजा सुमांगुरू याला हरवलं आणि मालीचा पाया घातला. सोनघाईला मोठं केलं ते सुन्नी अलीने (१४६४–१४९२) आणि त्याच्यामागून १४९३ मध्ये गादी बळकावणाऱ्या आस्किया मुहम्मदने. १५९१ मध्ये तेही कोसळलं.

२. ही राज्यं खरंच वाळवंटात होती का?

नाही. गैरसमज सुरू होतो तो इथूनच. ती वाळवंटाच्या काठावर होती. त्या पट्ट्याला ‘साहेल’ म्हणतात आणि या अरबी शब्दाचा अर्थच ‘किनारा’ असा आहे. सहारा हा समुद्र समजा, म्हणजे सगळं चित्र लागतं. उत्तरेचं बंदर म्हणजे मोरोक्कोतलं सिजिल्मासा, दक्षिणेची बंदरं म्हणजे अवदघुस्त, वलाता, तिंबक्टू. उंट ही गलबतं.

दक्षिणेच्या दमट मुलखात उंट टिकत नाही, रोगाने मरतो. म्हणून काठावर त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवावंच लागे. पुढे माल गाढवावर, माणसाच्या डोक्यावर किंवा नायजर नदीतल्या होड्यांतून जाई. जिथे वाहन बदलतं तिथे माल थांबतो, मोजला जातो, हात बदलतो. आणि जिथे माल थांबतो तिथे जकात घेता येते. या तिन्ही राज्यांचा जीव त्या थांब्यात होता. सोनं त्यांच्या खाणीतलं नव्हतं, मीठ त्यांच्या घरचं नव्हतं. थांबा हलला की राज्य खचायचं. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात.

३. आजचा घाना देश आणि जुनं घाना एकच ना?

नाही. जुन्या घानाचं मोठं नगर बहुधा कुंबी सालेह, म्हणजे आजच्या मॉरिटानियाच्या आग्नेय कोपऱ्यात. आजचा घाना तिथून शेकडो किलोमीटर दूर, गिनीच्या आखातावर आहे. १९५७ मध्ये ‘गोल्ड कोस्ट’ ही ब्रिटिश वसाहत स्वतंत्र झाली तेव्हा अभिमानाने जुनं नाव घेतलं गेलं. आजच्या माली देशाचं तसं नाही. तिंबक्टू, गाओ आणि जेन्ने ही जुन्या साम्राज्याची शहरं त्याच्या हद्दीत आहेत.

४. तिथे मीठ सोन्याच्या भारोभार विकलं जायचं, हे खरं का?

हिशोब करून पाहू. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये तिथून गेला आणि त्याने भाव लिहून ठेवले आहेत. मिठाचं एक उंट-ओझं वलातात ८ ते १० मिस्कालांना, तर मालीच्या राजधानीत २० ते ३० मिस्कालांना, कधी ४० मिस्कालांनाही. मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम सोनं. म्हणजे राजधानीत ३० मिस्काल धरले तरी सुमारे १२७ ग्रॅम सोनं होतं. उंटाचं ओझं १३० किलोच्या आसपास धरलं तर एका ग्रॅम सोन्याला जवळपास एक किलो मीठ पडतं. भारोभार नाही, हजारास एक.

पण या आकड्यांतली खरी गंमत दुसरीकडे आहे. वलाता ते राजधानी हा प्रवास झाला की मिठाचा भाव तिपटीने वाढतो. नफा मिठात नव्हता, वाटेत होता. सुटे पैसे म्हणूनही मीठच चाले. लादीचे तुकडे करून लोक त्यावर व्यवहार करत.

५. एवढं मीठ यायचं कुठून? समुद्र होता ना जवळ?

समुद्रकाठी मीठ पिकायचं, पण ते काठाजवळच संपे. दमट हवेत त्याला पाणी सुटतं, लांब पल्ल्याला ते टिकत नाही. वाळवंटातलं खाणीचं मीठ कोरडं आणि दगडासारखं कठीण. त्याच्या जाड लाद्या कापता येतात आणि उंटाच्या दोन्ही बाजूंना एकेक लादी बांधता येते.

चौदाव्या शतकातली मोठी खाण ताघाझाची. गावात झाड नाही, फक्त वाळू. घरं आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, वर छप्पर उंटाच्या कातड्याचं. राहणारे म्हणजे मसूफा या वाळवंटी जमातीचे गुलाम, जे खणायचे. खाणं बाहेरून: द्रा आणि सिजिल्मासाचा खजूर, उंटाचं मांस आणि दक्षिणेहून येणारी बाजरीसारखी भरडधान्यं. पाणी मचूळ. तांडा आला नाही तर मिठाच्या भिंतींच्या आत माणसं उपाशी मरणार, अशी ती जागा. आणि तिथेच सोन्याच्या भुकटीचे मोठे सौदे होत.

६. तांडा वाळवंट पार कसा करायचा? किती दिवस लागायचे?

सिजिल्मासा ते वलाता सुमारे दोन महिने. इब्न बतूताच्या वाटेवरून क्रम असा लागतो.

आधी सिजिल्मासात उंट विकत घ्यायचे आणि त्यांच्यासाठी चार महिन्यांचा चारा भरायचा. निघायचं थंडीत, तो निघाला फेब्रुवारीत. पंचवीस दिवसांनी ताघाझा. तिथे दहा दिवस मुक्काम आणि पुढच्या टप्प्यासाठी पाणी भरून घ्यायचं, कारण पुढचे दहा दिवस पाण्याचा भरवसा नाही. त्याच्या नशिबाने त्या वर्षी वाटेत पावसाची डबकी सापडली.

मग तासरहला नावाच्या पाणवठ्यावर तीन दिवस विश्रांती. इथलं काम पाहण्यासारखं आहे. पखाली उतरवून शिवण तपासायची, फाटलेली जागा सांधायची, पाणी भरायचं आणि प्रत्येक पखालीवर गोणपाटाचं वेष्टन शिवून टाकायचं. हे वेष्टन वाऱ्यासाठी. कातड्यातून पाणी पाझरतं आणि तापलेला कोरडा वारा ते पिऊन टाकतो. वेष्टन नसेल तर पखाल न गळता रिकामी होते.

तासरहलाहून ‘तक्शीफ’ला पुढे धाडायचं. हा मसूफा जमातीतला वाटाड्या. तांड्यातल्या व्यापाऱ्यांची पत्रं घेऊन तो एकटा वलाताला जातो. पत्रं मिळाली की तिथले ओळखीचे लोक मुक्कामाची घरं ठरवतात आणि पाणी घेऊन चार दिवसांची वाट तुडवत तांड्याला सामोरे येतात. इब्न बतूताच्या तांड्याने या माणसाला १०० सोन्याचे मिस्काल मोजले. वरच्या भावाने वलातातलं दहा-बारा उंट मीठ! शेवटच्या टप्प्यात दुपारच्या नमाजानंतर निघायचं, रात्रभर चालायचं आणि सकाळी थांबायचं.

७. वाटेत काय बिघडायचं?

सगळ्यात वाईट म्हणजे तक्शीफ वाटेत मरणं. मग वलाताला तांड्याची खबरच लागत नाही, पाणी येत नाही, आणि अख्खा तांडा किंवा त्यातली बरीच माणसं जातात. त्या प्रदेशात वाट अशी नाहीच, आहे ती वाऱ्याने हलणारी वाळू. आज जिथे टेकडी दिसते ती उद्या दुसरीकडे असते. म्हणून वाटाड्याला एवढा पैसा.

दुसरं, मागे रेंगाळणं. पुढे जाऊन जनावरं चरायला सोडायची सवय इब्न बतूताच्या तांड्यातही होती, पण एक माणूस भांडणाच्या रागात मागे राहिला आणि हरवला. त्यानंतर पुढेमागे जाणं सगळ्यांनी सोडलं. आणखी एक त्रास उवांचा. गळ्यात पाऱ्याच्या दोऱ्या बांधायची रीत होती, त्याने उवा मरत.

८. घानाचा राजा जकात कशी घ्यायचा?

अल्-बक्री या कॉर्डोबाच्या लेखकाने १०६८ च्या सुमारास दर लिहून ठेवले. तो स्वतः तिथे गेलेला नव्हता, पण व्यापाऱ्यांकडून घेतलेली त्याची माहिती नेमकी आहे. गाढवभर मीठ राज्यात आलं की एक सोन्याचा दीनार, तेच मीठ बाहेर गेलं की दोन. तांब्याच्या ओझ्यावर ५ मिस्काल, इतर मालाच्या ओझ्यावर १०.

येणाऱ्यापेक्षा जाणाऱ्या मिठावर दुप्पट का? बाहेर पडणारं मीठ दक्षिणेला, सोन्याच्या मुलखाकडे जाई. जिथे भाव चढणार तिथे दर चढा, असाच याचा अर्थ लागतो.

दुसरा नियम याहून हुशारीचा. खाणीतून निघालेला सोन्याचा गोळा राजाचा, भुकटी लोकांची. अल्-बक्री कारणही देतो: असं केलं नसतं तर लोकांकडे इतकं सोनं साचलं असतं की त्याची किंमतच उरली नसती. अकराव्या शतकात भाव सांभाळण्याचं हे भान होतं. मनसा मुसाच्या वेळी काय झालं ते प्रश्न ११ मध्ये पाहा.

९. एवढे बलाढ्य राजे होते, तर सोन्याच्या खाणीच का नाही घेतल्या?

सेनेगल नदीच्या वरच्या भागातलं बंबुक, नायजरच्या वरच्या भागातलं बुरे आणि नंतर अकान लोकांचं जंगल ही सोन्याची ठिकाणं. मालीच्या राजांनी हे पट्टे मुठीत घ्यायचा प्रयत्न केला होता. कैरोत अल्-उमरी या अरब लेखकाला जे सांगितलं गेलं ते असं: एखादं सोन्याचं गाव जिंकून तिथे इस्लाम पसरवला की सोनं निघणं कमी होतं आणि शेजारच्या, मूळ धर्म पाळणाऱ्या गावांत ते वाढतं. म्हणून राजांनी खाणी तिथल्या लोकांच्या हाती ठेवल्या आणि खंडणीवर समाधान मानलं. सोनं शोधणाऱ्याला वाळूचा थर ओळखता येतो, घोडेस्वाराला नाही. तो माणूस उठून दुसरीकडे गेला की मागे उरतो तो खड्डा.

इथेच ‘मुक्या व्यापारा’बद्दल विचारलं जातं: माल ठेवून दूर जायचं, समोरच्याने शेजारी सोनं ठेवायचं, एकमेकांचं तोंड न पाहता सौदा. ही गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसपासून चालत आली आहे आणि जवळपास त्याच शब्दांत वेगवेगळ्या ठिकाणी चिकटवली गेली आहे. इतक्या मोठ्या, रोजच्या व्यापारात दुभाषे आणि दलाल असणारच. आम्ही ती दंतकथाच मानतो.

१०. अल्मोराविदांनी १०७६ मध्ये घाना बुडवलं ना?

जुन्या पाठ्यपुस्तकांत तसं ठामपणे लिहिलेलं असतं. पक्कं आहे ते एवढंच की १०५४-५५ मध्ये अल्मोराविदांनी, म्हणजे सहारातल्या बर्बर जमातींतून उभ्या राहिलेल्या मुस्लिम सत्तेने, अवदघुस्त हे तांड्यांचं नगर घेतलं. १०७६ मध्ये राजधानी जिंकून राज्य संपवल्याच्या कथेला समकालीन आधार कच्चा आहे आणि बाराव्या शतकातही घाना एक श्रीमंत राज्य म्हणून ओळखलं जात होतं. आमच्या दृष्टीने मोठा घाव अवदघुस्तचाच. काठावरचा थांबा गेला. नंतर बुरेचं सोनं पुढे आल्यावर व्यापाराचा तोल पूर्वेला, नायजरच्या खोऱ्याकडे सरकला. कुंबी सालेह त्या वाटेवर नव्हतं, मालीचे लोक होते.

११. मनसा मुसाने कैरोत सोन्याचा भाव पाडला म्हणजे नेमका किती?

मुसा हजला जाताना १३२४ मध्ये कैरोत थांबला. इतिहासकार इब्न खल्दूनच्या म्हणण्यानुसार त्याच्याबरोबर सोन्याच्या भुकटीची ८० ओझी होती. दरबारी, अंमलदार, फकीर, सगळ्यांना त्याने वाटलं. अल्-उमरी लिहितो की त्याआधी मिस्कालाचा भाव चांदीच्या २५ दिरहमांच्या खाली जात नसे. त्यानंतर तो २२ किंवा त्याहून खाली आला आणि बारा वर्षांनंतरही वर चढला नव्हता.

म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास घसरण. ‘इजिप्तची अर्थव्यवस्था कोसळली’ हे विधान यातून निघत नाही. पण कैरोसारख्या बाजारात एका पाहुण्याने भाव बारा वर्षं दाबून ठेवावा, हेही थोडंथोडकं नाही. याची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते: एक दीनाराचं वस्त्र कैरोच्या दुकानदारांनी मालीच्या लोकांना पाच दीनारांना विकलं, आणि परतताना खर्ची संपल्यावर मुसाला त्याच शहरातल्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढावं लागलं.

१२. मग तो जगातला आजवरचा सगळ्यात श्रीमंत माणूस होता का? ४०० अब्ज डॉलर्स वगैरे?

हा आकडा कुठल्याही हिशोबातून आलेला नाही. त्याच्या खजिन्याची मोजदाद उपलब्ध नाही, आणि राजाची मालमत्ता कुठे संपते व राज्याची कुठे सुरू होते हे त्या काळी वेगळं काढता येत नाही. १३७५ च्या कॅटलान नकाशात तो हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला दाखवला आहे. त्याच्या कीर्तीला तो पुरावा पुरेसा आहे.

१३. तिथेही कवड्या चालायच्या म्हणे. त्या आपल्याकडच्याच का?

हो, त्याच. मालदीवच्या उथळ पाण्यातली पिवळसर कवडी. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात जी माळ असते तिच्यातली कवडी आणि नायजरकाठच्या बाजारातलं नाणं यांत फरक नाही. इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता आणि नंतर मालीलाही गेला, म्हणून त्याला दोन्हीकडचा भाव ठाऊक होता. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दीनाराला ४,००,००० कवड्या, कधी १२,००,००० सुद्धा. माली आणि गाओत त्याच दीनाराला १,१५०. कमी आकडा धरला तरी साडेतीनशे पट फरक.

आपण ‘कवडीमोल’ म्हणतो ते मालदीवच्या जवळ राहून. समुद्र, इजिप्त आणि मग अख्खं वाळवंट ओलांडल्यावर ती कवडी मोलाचीच होती. पुढे युरोपीय जहाजांनी कवड्या थेट पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन ओतल्या.

१४. तिंबक्टूला विद्यापीठ होतं का?

आजच्या अर्थाने नाही. एक इमारत, एक कुलगुरू, एक पदवी असं काही नव्हतं. सांकोरे, जिंगरेबेर आणि सिदी याह्या या मशिदींभोवती गुरू आपापल्या घरी शिकवत. विद्यार्थी एक ग्रंथ एका गुरूपाशी पुरा करी आणि तो पुढे शिकवण्याची परवानगी त्या गुरूकडून घेई. जिंगरेबेर मुसाच्या काळातली, १३२७ च्या सुमाराची. सोळाव्या शतकात तिथे गेलेला लिओ आफ्रिकानस सांगतो की हस्तलिखित ग्रंथांच्या विक्रीतला नफा इतर मालापेक्षा जास्त होता. कागद वाळवंटापलीकडून यायचा, म्हणजे ग्रंथसुद्धा तांड्याचाच माल. २०१२-१३ मध्ये अतिरेक्यांच्या ताब्यात शहर असताना काही हस्तलिखितं जाळली गेली. बहुतेक सगळी लोकांनी पेट्यांत भरून गुपचूप राजधानी बामाकोला हलवली होती.

१५. सोनं-मीठ एवढंच सांगितलं जातं. गुलामांचं काय?

ते वगळून हा इतिहास सांगणं खोटं ठरेल. ताघाझाचं मीठ गुलाम खणत (प्रश्न ५). उत्तरेला जाणाऱ्या तांड्यांत माणसंही माल म्हणून असत. इब्न बतूता १३५३ मध्ये तांब्याच्या खाणींच्या ताकेद्दाहून परत निघाला त्या तांड्यात ६०० गुलाम स्त्रिया होत्या. या आकड्यावर तो एका शब्दाचंही भाष्य करत नाही. त्या बायांना ते वाळवंट चालत पार करायचं होतं, पखालीतल्या मोजक्या पाण्यावर.

१६. सोनघाई एका लढाईत कसं संपलं? फक्त बंदुकांमुळे?

बंदुका होत्याच. मोरोक्कोचा सुलतान अहमद अल्-मन्सूर याने मूळच्या स्पेनमधल्या जुदर पाशाला सुमारे ४,००० सैनिक देऊन धाडलं. मार्च १५९१ मध्ये गाओजवळ तोंदिबीला गाठ पडली. सोनघाईने शत्रूवर गुरांचे कळप सोडले. बंदुकांच्या आवाजाने बिथरून ते उलटे आपल्याच फौजेवर आले.

पण खिंडार आधीच पडलेलं होतं. गादीच्या वारसाचा ठाम नियम नव्हता. खुद्द आस्किया मुहम्मदला त्याच्या मुलाने १५२८ मध्ये पदच्युत केलं. १५८२ मध्ये आस्किया दावूद वारल्यावर भावाभावांत झगडा लागला. १५८८ मध्ये पश्चिमेकडच्या प्रांतांनी बंड केलं, ते चिरडताना राज्याचं निम्मं बळ खर्ची पडलं. जुदर आला तो या जखमेवर.

आणि जिंकूनही मोरोक्कोच्या हाती फारसं लागलं नाही. गाओ पाहून जुदरच्या बाजूने कळवलं गेलं ते असं: मराकेशच्या गाढववाल्यांच्या नायकाचं घर आस्कियाच्या वाड्यापेक्षा बरं आहे. सोनं गाओत नव्हतंच, ते दूर दक्षिणेत होतं (प्रश्न ९). मोरोक्कोला मिळाला तो थांबा, आणि त्याला धाकात ठेवायच्या नादात तोच मोडला. अहमद बाबासारख्या विद्वानांना बेड्या घालून मराकेशला नेलं. तो १६०८ मध्ये परतला.

१७. पोर्तुगीज जहाजं आली आणि तांडे बंद पडले, बरोबर?

अर्धंच. पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना इथे किल्ला बांधला आणि अकान सोन्याचा एक मोठा वाटा समुद्राकडे वळवला. गोवा घेण्याच्या अठ्ठावीस वर्षं आधीची ही गोष्ट, आणि पद्धत तीच: मुलूख नको, नाका हवा. पण तांडे थांबले नाहीत. मीठ, कापड आणि गुलामांचा व्यापार सहारातून एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत राहिला. थांबली ती काठावरच्या एकट्या राज्याची मक्तेदारी. सोन्याला बाहेर पडायला दुसरं दार मिळालं होतं.

१८. इब्न बतूतावर इतका भरवसा ठेवायचा का?

जपून. त्याने प्रवासवर्णन १३५५ च्या सुमारास आठवणीतून सांगितलं आणि ते दुसऱ्याने लिहून काढलं. याच माणसाने दौलताबाद पाहिलं होतं, तिथल्या गवयांच्या बाजाराचं आणि नंदुरबारच्या मराठ्यांचं वर्णनही त्याचंच. राजदरबारांत वावरलेला असल्याने त्याचे मान-अपमान मोठे. मालीचा राजा मनसा सुलेमानकडून भेट आली म्हणून तो उठून उभा राहिला, तर तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्यात आंबट दही! वस्त्रं आणि पैसे येतील अशी त्याची अपेक्षा होती. राजाच्या कंजूषपणाविषयी तो जे लिहितो ते या रागासकट वाचावं. भाव, अंतरं, मुक्काम यांत मात्र तो राग लोभ आणत नाही. आणि रागावलेला असूनही तो कबूल करतो की या देशात वाटसरूला चोराची भीती नाही.

१९. मिठाचे तांडे आजही चालतात का?

सोळाव्या शतकाअखेरीस ताघाझा ओस पडलं आणि ताउदेन्नीची खाण पुढे आली. तिंबक्टूच्या उत्तरेला सुमारे ७०० किलोमीटरवर. तिथून अजून मीठ येतं. बहुतेक आता ट्रकने, थोडं उंटांवर. लाद्या आजही हातानेच खणून काढतात आणि कातडी वादीने बांधतात. उंटावर दोन्ही बाजूंचं वजन सारखं लागतं, नाहीतर ओझं कलून जनावराच्या पाठीला जखम होते. आणि वाटेत लादी फुटली तर तिंबक्टूच्या बाजारात तिचा भाव तुकड्यांचा लागतो.